भिंतीतली भोकं आणि नमुना ९-क

जगातल्या यच्चयावत माणसांना नाकपुड्या दोनच मिळालेल्या आहेत. पण भिंतीला भोकं किती असावीत, यावर मानवजातीचं अजून एकमत झालेलं नाही. कुठे दोन गोल, कुठे दोन चपटी, कुठे तीन गोल, कुठे तीन चपटी. काही ठिकाणी तर दोन तिरकी असतात, म्हणजे भिंत आपल्याकडे बघून भुवया उडवतेय असं वाटावं. असं का, हे विचारू नये. प्रत्येक देशाने पूर्ण विचारांती, शेजारच्या देशात काय आहे ते नीट बघून, त्याच्याहून वेगळं काहीतरी ठरवलेलं आहे.

त्यात दाबाची भानगड वेगळी. आमच्याकडे भिंतीतून दोनशे तीस व्होल्ट येतात (कागदावर. आमच्या इमारतीत प्रत्यक्षात किती येतात ते पंख्याकडे बघून कळतं). काही देशांत शंभर-एकशेदहावर भागवतात. त्यामुळे तिकडचं यंत्र इकडे लावलं की धूर सोडतं आणि इकडचं तिकडे नेलं की आळसावतं. दोन्हीकडे मुकाट्याने चालणारीही काही यंत्रं असतात. पण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही नसतं.

हा गहन विषय आमच्या घरात शिरला तो वहिनीच्या कानातून.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे. दिवसा ती मशीनं कानात असतात, झोपताना एका डबीत. डबी भिंतीला लावून ठेवली की सकाळी कान भरून तयार. एकदा भरले की एक दिवस चालतात, फार ओढलं तर सव्वा. त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या मोजायला दादाला बसवावं लागतं, आणि तो नेहमी एक कमी मोजतो.

त्यांची लेक परदेशात. तिला पहिलं बाळ होणार होतं. वहिनी निघाली बाळंतपणाला. दादाला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे ती एकटीच. मला बोलावून म्हणाली, "भाऊजी, मला तिथलं काही बघायचं नाही. पूल नको, मनोरे नकोत, काही नको. बाळ रडलं की मला ऐकू आलं पाहिजे. बास. ही डबी तिथे चालेल ना, एवढं बघा."

एवढंच बघायचं होतं.

आता दादा बत्तीस वर्षं एका कार्यालयात आवक-जावक सांभाळतोय. कुठलीही गोष्ट 'बघायची' म्हणजे कुणालातरी विचारायची, हे त्याच्या रक्तात आहे. त्याने आठवडाभरात सात जणांना विचारलं आणि नऊ मतं गोळा केली. (दोघांनी चहाच्या आधी एक दिलं आणि चहानंतर दुसरं.) डॉक्टर म्हणाले, डबी विमानात पाण्यापासून जपा. दादाचे साहेब म्हणाले, तिकडची वीज जास्त शुद्ध असते, आपल्या यंत्रांना पचत नाही. वहिनीची बहीण म्हणाली, न्यायचंच कशाला, तिकडे सगळं हळूच बोलतात. अकरा वर्षांपूर्वी चार दिवस परदेशी जाऊन आलेले आमचे शेजारी म्हणाले, तिकडे भिंतीत भोकंच नसतात. ते हॉटेलात चारही दिवस कपाटामागचं भोक शोधत होते, ही गोष्ट त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितली.

इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने मात्र शंकेला जागाच ठेवली नाही.

"साहेब, हा घ्या युनिव्हर्सल. दीडशे देशांत चालतो."

"आणि बाकीच्या देशांत?" दादाने विचारलं.

"त्यांची यादी खोक्याच्या आत आहे."

"उघडून बघू?"

"बघा की. पण उघडलेला माल परत घेत नाही."

दादाने न उघडता घेतला. हा अडॅप्टर म्हणजे मोठी कलाकुसर होती. एका बाजूला ढकललं की दोन पाय बाहेर यायचे, दुसऱ्या बाजूला ढकललं की तीन, आणि मध्ये दाबलं की सगळे पाय एकदम आत जाऊन तो कासवासारखा गप्प बसायचा. तो ऐनवेळी गप्प बसला तर, म्हणून दुसरा घेतला. दुसरा हरवला तर तिसरा. मग दुकानदार म्हणाला, "साहेब, हे फक्त पाय बदलतात हं. दाब नाही बदलत." दादाचा चेहरा पडला. दुकानदाराने टेबलाखालून एक ट्रान्सफॉर्मर काढला, तो टेबलावर ठेवताना टेबल कण्हलं. वजन तीन किलो सातशे ग्रॅम. ज्या डबीसाठी तो घेतला तिचं वजन नव्वद ग्रॅम.

घरी आल्यावर दादा मला म्हणाला, "तरी मनाला खात्री नाही रे. कुणीतरी लिहून दिलं पाहिजे."

इथे मला राहवलं नाही.

माझं छपाईचं दुकान आहे. पावतीपुस्तकं, लेटरहेड, रबरी शिक्के. मी माझ्या आयुष्यात लोकांची भरपूर फिरकी घेतलेली आहे आणि त्यातल्या एकाही गोष्टीचा मला पश्चात्ताप नाही (एक सोडून, तीच सांगतोय). त्या संध्याकाळी दुकानात बसून मी एक अर्ज तयार केला: 'विदेशगमनपूर्व विद्युत-अनुरूपता अर्ज, नमुना ९-क (सुधारित)'. यातला खरा जोर 'सुधारित' या शब्दात आहे. तो शब्द बघितला की मूळ नमुना कुठेय असं कुणीही विचारत नाही. रकाने असे:

चार: गंतव्य देशातील भोकांची संख्या, आकार व स्वभाव.

सहा: उपकरणाच्या पाठीवर छापलेला दाब.

आठ: अर्जदारास यापूर्वी शॉक बसला आहे काय? असल्यास कोणाकडून?

दहा: सक्षम अधिकाऱ्याची सही व शिक्का.

एवढं झालं तरी कागदाच्या तळाशी चार बोटं जागा उरली. रिकामी जागा मला बघवत नाही, तो धंद्याचा दोष आहे. म्हणून मी अकरावा नियम टाकला: 'तपासलेली मूळ वस्तू अर्जदाराचा प्रवास पूर्ण होईपर्यंत सक्षम अधिकाऱ्याच्या ताब्यात राहील.' वाचायला किती छान वाटतं बघा. अर्थाकडे मी लक्ष दिलं नव्हतं. जागा भरली, मी दुकान बंद केलं.

मला वाटलं होतं, दादा आठव्या रकान्यापाशी हसेल. त्याने तिथे लिहिलं: 'होय. इस्त्रीकडून. दोनदा.'

सहाव्या रकान्यात, जिथे डबीच्या पाठीवरचा दाब लिहायचा होता, तिथे त्याने लिहिलं 'मागे पाहा'. मी अर्ज उलटा केला. मागे लिहिलं होतं 'पुढे पाहा'.

मग सक्षम अधिकारी शोधायला तो दुसऱ्या मजल्यावर मीटरकाकांकडे गेला.

मीटरकाकांनी एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटरचे आकडे टिपले. त्यातली बरीचशी वर्षं फाटकाबाहेरून, कारण फाटकाच्या आत कुत्रा असायचा. त्यामुळे सहा फुटांवरून डोळे बारीक करून आकडा सांगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. (वस्तू हातात घेऊन, उलटी करून बघणं मात्र त्यांच्या कामात कधी आलं नाही.) निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्यांना विजेबद्दल एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नव्हता. बायको बल्बसुद्धा स्वतः बदलायची.

दादाने त्यांच्यापुढे अर्ज ठेवला. काकांनी तो दोनदा वाचला. मग आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी पंपाच्या खोलीशेजारच्या खोलीत ऑफिस उघडलं. टेबलावर हिरवं कापड, दोन पेनं. निळं मंजुरीसाठी, लाल शेऱ्यासाठी. कोपऱ्यात कुलपाचं कपाट. काका माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "छापखाना, शिक्का लागेल. गोल. मधे विजेची खूण." ते मला नावाने कधी हाक मारत नाहीत. मी शिक्का करून दिला. करताना मला इतकं हसू येत होतं की पहिला शिक्का तिरका झाला. तोही त्यांनी ठेवून घेतला, 'तातडीच्या कामासाठी'.

आता खरं सांगायचं तर त्या ऑफिसाने इमारतीचं फार भलं केलं. आठ दिवसांत तेवीस अर्ज आले. त्यांपैकी चौदा अर्जदार कुठेही जाणार नव्हते. दोन मिक्सर, चार इस्त्र्या, एक केस वाळवायचं यंत्र आणि एक टेबलफॅन तपासून ताब्यात घेण्यात आले. सेलवर चालणाऱ्या एका घड्याळाचा अर्ज 'भोकांचा तपशील अपुरा' म्हणून परत गेला. लोक जिन्यात एकमेकांना विचारू लागले, "तुमचं नऊ-क झालं का?" ज्याचं झालं नव्हतं तो मान खाली घालायचा.

वहिनीच्या डबीची तपासणी निघायच्या आदल्या रात्री, कान पूर्ण भरून झाल्यावर झाली. काकांनी ती टेबलाच्या पलीकडे ठेवायला सांगितली, सहा फुटांवर उभे राहिले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "योग्य." निळं पेन, शिक्का. मग नियम अकराप्रमाणे डबी कापडात गुंडाळली, वर लाखेचं सील मारलं, कपाटात ठेवली आणि दादाच्या हातात प्रमाणपत्र दिलं.

दादा प्रमाणपत्र छातीशी धरून घरी आला. इतकी शांत झोप त्याला बऱ्याच दिवसांनी लागली.

सामानाची यादी दादानेच केली होती. त्यातली सतरावी नोंद होती 'कानाची डबी'. पुढे कंसात 'प्रमाणपत्र पाहा'. प्रमाणपत्र बॅगेत होतं. दादाने बरोबरची खूण केली. त्याच्या कार्यालयात वस्तू अशाच असतात: कागद असला की आहे. वहिनीने विचारलं, "डबी घेतली ना हो?" दादा म्हणाला, "अगं, मंजूर झाली."

दोन भरलेले कान, तीन अडॅप्टर, एक ट्रान्सफॉर्मर आणि एक प्रमाणपत्र घेऊन वहिनी विमानात बसली.

फोन आला तो तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला. जावईबापू बोलत होते. ते मोजकंच बोलतात. सासऱ्यांना फोन केला तर सासरे आधी कुणालातरी विचारतील हे ते जाणून होते, म्हणून मला केला.

"काका, आईंच्या मशीनची डबी सापडत नाही. कान कालच बंद पडले. हिला सकाळी दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, आज होईल."

"आणि वहिनी?"

"बाहेर बाकावर बसल्यात. मी बोललो तर नुसत्या हसतात. मघाशी भिंतीला कान लावून उभ्या होत्या." मग म्हणाले, "इथे त्याच कंपनीचं दुकान आहे. तशीच डबी मिळेल, पण मॉडेल नंबर लागतो. कानाच्या मशीनवरचा पुसला गेलाय. डबीच्या मागे असेल. इथे चार वाजलेत. दुकान सहाला बंद होतं."

मी तसाच एका चपलेवर पंपाच्या खोलीकडे धावलो. (दुसरी चप्पल जिन्यात गेली.)

काका टेबलाशी बसले होते. मागे कपाट. कपाटात डबी. माझ्या आणि वहिनीच्या कानांमध्ये आता फक्त एक नियम होता, आणि तो मी चार बोटं जागा भरायला लिहिलेला होता.

"या छापखाना. आज आपण कुठे निघालात?"

"काका, वहिनीची डबी काढा. लगेच."

काकांनी रजिस्टर उघडलं. "प्रवास पूर्ण झाला?"

"नाही हो! मॉडेल नंबर बघायचाय."

"मग नियम अकरा."

"काका, ऐका. तो नियम मी लिहिलाय. अख्खा अर्ज मी लिहिलाय. दादाची गंमत करायला. असा नमुना जगात कुठेही नाही!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. शाळेतले मास्तर खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघतात तसं. "गंमत? हा बघ नंबर. हे बघ, सुधारित. हा शिक्का."

"शिक्का पण मीच करून दिला ना तुम्हाला!"

"मग?" काका शांतपणे म्हणाले. "सगळे शिक्के कुणीतरी करूनच देतं."



"मुदतीआधी वस्तू परत हवी असेल तर त्याचा वेगळा नमुना लागेल," काका म्हणाले. "तो घेऊन ये. माझी काही आडकाठी नाही."

"कुठून आणू?"

"कुठून म्हणजे? तुझं छापायचं दुकान आहे ना?"

मी धावलो. दुकान उघडलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या गांभीर्याने मी काही छापलं नाही. 'मुदतपूर्व परतावा अर्ज, नमुना ९-ख (सुधारित)'. 'सुधारित' हाताच्या सवयीने पडलं. अकरा मिनिटांत कागद घेऊन परत आलो. तिकडे साडेचार होऊन गेले होते. तळाशी जागा उरली होती. ती मी रिकामी सोडली.

काकांनी कागद वाचला. लाल पेन उचललं. "रकाना पाच कोरा आहे. कारण."

मी लिहिलं: 'बाळ'.

काकांनी तो शब्द वाचला. पेन हातात तसंच राहिलं. "कधी?"

"आत्ता होतंय, काका. आणि ती बाहेर भिंतीला कान लावून उभी आहे."

काकांनी लाल पेन खाली ठेवलं. निळं काही उचललं नाही. शिक्काही मारला नाही, तिरकासुद्धा नाही. उठले, कुलूप काढलं आणि लाखेचं सील दातांनी तोडलं. डबी त्यांनी स्वतः हातात घेतली, उलटी केली, खिडकीपाशी नेली, नाकाला टेकेल इतकी जवळ धरली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मी तो फोनवर जावईबापूंना सांगितला. त्यांनी "कळलं" म्हणून फोन ठेवला.

काका अजून वाचतच होते. नंबराच्या खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. 'शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट.'

"छापखाना," काका म्हणाले, "ही तर दोन्हीकडे चालते."

"हो."

"पहिल्यापासूनच?"

"कारखान्यातून निघाली तेव्हापासून."

ती डबी दादाने रोज भिंतीला लावली होती. दुकानदाराने हातात घेऊन तोलून बघितली होती. डॉक्टरांनी उघडून आतली मशीनं तपासली होती. आणि मी, ज्याने 'उपकरणाच्या पाठीवर छापलेला दाब' असा स्वतंत्र रकाना आखला, त्या मीही अर्जाच्या कोपऱ्यात तिचं चित्र काढायला अर्धा तास ती समोर ठेवली होती. समोरून. पाठ कुणीच बघितली नव्हती.

काकांनी बराच विचार केला आणि रजिस्टरमध्ये लाल पेनाने नोंद केली: 'फेरतपासणीअंती योग्य.'

सव्वासहाला (तिकडच्या) डबी बाकावर वहिनीच्या शेजारी भिंतीला लागली. त्या डबीबरोबर तिथल्याच भोकांचं पिन आलं होतं, त्यामुळे अडॅप्टर एकही लागला नाही. मशीनं अर्धा तास भरली, वहिनीने ती कानात घातली. मग फोन आला, आणि पलीकडून वहिनी ओरडत होती. कान बंद असताना ती ओरडून बोलते. आता ते चालू असूनही ओरडत होती.

"भाऊजी! मुलगी झाली! ऐकलं मी! सगळं ऐकलं! केवढ्यांदा रडतेय हो ती, मला आवाज कमी करावा लागला!"

दादा माझ्या शेजारी उभा होता. डोळे पुसत म्हणाला, "बघ. नऊ-क केलं होतं म्हणून निभावलं."

सारांश, सर्व काही सुरळीत आहे. ऑफिस चालू आहे. ट्रान्सफॉर्मर परदेशात जावईबापूंच्या घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवतात, ते काम तो उत्तम करतो. मागच्या आठवड्यात विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या बाईंनी मला फोनवर विचारलं, "नऊ-क तुमच्याकडेच मिळतं ना? आमच्या प्रवाशांना द्यायचंय." मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाई म्हणाल्या, "दोनशे प्रती पाठवा." मग मिटलं.

आता तुम्ही. तुम्ही मघापासून दादाला हसताय, काकांना हसताय, मला तर केव्हाचे हसताय. हसा. फक्त एक सांगा. तुमचा फोन ज्याने चार्ज होतो, तो आत्ता तुमच्यापासून हातभर अंतरावर असेल. तुम्ही तो रोज हाताळता. त्याच्या पाठीवर काय लिहिलंय?

बरोबर. पहिल्या परिच्छेदापासून इथपर्यंत तुमच्यापैकी एकही जण उठलेला नाही. आता उठाल. चार्जर उलटा कराल. अक्षर बारीक असेल. चष्मा सापडणार नाही. मग घरातल्या कुणालातरी विचाराल, "अगं, हे जरा वाचतेस का?" आणि ती वाचणार नाही, मत देईल. मग शेजारी देतील. मग साहेब.

मतं नऊ झाली की माझ्या दुकानात या. अर्ज तयार आहे. तळाशी एक नियम आहे, तो वाचायची गरज नाही. सही तेवढी करा.